खाजणात ज्वारी पेरणारे सर

आमचे सर माती चाखायचे. खायचे नाहीत, चाखायचे. कोणी 'खाता' म्हटलं तर त्यांना राग यायचा. चिमूटभर माती जिभेच्या शेंड्यावर ठेवायची, डोळे मिटायचे, टाळूवरून एकदा फिरवायची आणि मग रुमालात अदबीने थुंकायची. त्यानंतर ते जे बोलत ते कोर्टाच्या निकालासारखं असे. "ही खाडीच्या पलीकडच्या काठाची. भरतीचं पाणी हिच्यावर दोनदा चढून गेलंय. वरून एक पाऊस मिळालाय, पण पोटभर नाही."

मी तेव्हा मालवणजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. परिचर म्हणजे बाटल्या धुणारा, खिडक्या लावणारा आणि प्राध्यापकांच्या विक्षिप्तपणाला पहिला बळी पडणारा माणूस. त्यामुळे मी सांगतो त्यातलं अर्धं तरी तुम्ही खरं मानायला हवं. उरलेलं अर्धं त्याहून खरं आहे, पण ते पटायला जड जातं.

एकदा प्राचार्यांनी सरांची परीक्षा घ्यायची ठरवली. घरून कागदाच्या पुडीत माती आणली, चहाच्या वेळी सगळ्या स्टाफसमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सांगा सर, कुठल्या खाजणातली?" खाजण म्हणजे आमच्याकडची खाडीकाठची, बांध घालून राखलेली खारी जमीन. सरांनी माती चाखली. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. प्राचार्य बाकीच्यांकडे बघून डोळे मिचकावू लागले.

"खाजणातली नाही," सर म्हणाले. "कुंडीतली आहे. मीठ समुद्राचं नाही, पिशवीतलं आहे, वाण्याकडचं. कालच घातलंय, अजून नीट विरघळलं नाही. आणि या कुंडीत तुळस आहे. सर, तिला आज जाऊन चार बादल्या पाणी द्या, नाहीतर परवा वाळेल."

प्राचार्य तिसरा तास न घेता घरी गेले. तुळस वाचली असं ऐकतो. प्राचार्यांचं घरातलं स्थान वाचलं की नाही, ते माहीत नाही.

सर घाटावरचे. कोरडवाहू गावातून आलेले, बोलायला स्वच्छ पुस्तकी, आणि मासळीच्या वासाने पहिले सहा महिने रुमाल नाकाला लावून हिंडलेले. आता ते निवृत्त होऊन पुन्हा वर आपल्या गावी गेलेत. पण इथल्या माणसांना त्यांचं पहिलं नवल वाटलं ते मातीचं नव्हे. ते माणसांच्या पायांकडे बघत. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. मी रोज समोर उभा, तरी माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी कधी बघितल्याचं मला आठवत नाही. मी एकदा चप्पल बदलून गेलो, तर मला म्हणाले, "आपण नवीन का? आधीचा परिचर कुठे गेला?" अगदी हेच शब्द. थट्टा त्यांना करता येत नव्हती.

त्यांचं म्हणणं, सगळा घोटाळा वरून बघण्याने होतो. "पानं म्हणजे झाडाची जाहिरात," ते वर्गात म्हणायचे. "फुलं म्हणजे जास्त खर्चाची जाहिरात. झाड खाली असतं. तुम्ही सगळे जाहिरात बघून परीक्षा देता." त्यांनी एकदा बारा मार्कांचा प्रश्न घातला: 'तुमच्या दारातल्या कोणत्याही झाडाचे वर्णन करा, जमिनीच्या वरचा एकही शब्द आला तर शून्य.' अख्ख्या वर्गाला शून्य. एका मुलीने लिहिलं होतं, 'आमच्या दारात झाड आहे, पण मला ते माहीत नाही.' तिला त्यांनी बाराच्या बारा दिले.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्यांची पेटी होती. लाकडाची, चांगली कमरेइतकी उंच, आणि एका बाजूला तिरकी काच. मुळं खाली जाताना काचेला चिकटून जात, म्हणून दिसत. काचेवर काळं कापड, कारण मुळांना उजेड सोसत नाही. ते कापड वर करायच्या आधी सर दोन बोटांनी पेटीवर टकटक करत आणि थोडं खाकरत, बाथरूमच्या दाराशी माणूस खाकरतो तसं. मग एका लाल कागद लावलेल्या टॉर्चने आत बघत. आमच्यातल्या कोणी दार आपटलं तर त्यांचा चेहरा असा व्हायचा, की आत कोणाचं तरी बाळंतपण चाललंय.

त्या पेटीत अर्धी माती गोडी होती आणि अर्धी खारी. मधे काही आडवं नव्हतं. फळी नाही, पत्रा नाही. एका बाजूला विहिरीकाठची, दुसऱ्या बाजूला खाडीची. बी त्यांनी मुद्दाम खाऱ्या बाजूच्या अगदी काठावर पेरलं. चाऱ्याची ज्वारी. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, लाल टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बघा. आवाज करू नका."

मी बघितलं. पांढरं, दोऱ्याएवढं मूळ सरळ खाली उतरत होतं, आणि खाऱ्या मातीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी ते थोडं कलंडलेलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने चक्क पाठ फिरवली आणि गोड्या मातीकडे चालायला लागलं. माझं अख्खं खानदान दर्यावर. खडक दिसला की तांडेल सुकाणू कसं फिरवतो, ते मी लहानपणापासून बघितलेलं आहे. पण तांडेलाला डोळे असतात. या दोऱ्याला डोळे नाहीत, डोकं नाही, वय पाच दिवस, आणि हा खडक चुकवतो. मी टॉर्च बंद केला आणि थोडा वेळ स्टुलावर बसून राहिलो. मला त्या मुळाला नमस्कार करावासा वाटला, पण प्रयोगशाळेत असलं काही करायला बंदी होती.

"कसं कळतं त्याला, सर?"

"त्याला कळत नाही, त्याच्यात होतं," सर म्हणाले. "टोकाला मीठ लागलं की ऑक्झिन नावाचं एक संप्रेरक मिठापासून लांबच्या अंगाला जाऊन साचतं. जिकडे ते साचतं, ते अंग वाढायचं थांबतं. दुसरं अंग वाढत राहतं. मग मूळ वळणारच. होडीचं एका बाजूचं वल्हं थांबवलं की होडी कुठे वळते?"

"थांबवलेल्या बाजूला."

"बस्स. तुम्ही पास."

आणि त्याहून मोठी गोष्ट त्यांनी मला पेटीवर डोकं टेकून सांगितली, जणू कोणी ऐकेल म्हणून. दुसरं एक संप्रेरक असतं, ॲबसिसिक आम्ल. तो निरोप्या. मुळाला खार लागला, की हा वर पानांपर्यंत धावत जाऊन सांगतो, दारं लावून घ्या, पाणी उडू देऊ नका. आणि खाली मुळाच्या आतल्या भिंतीला बुचासारखा थर चढवायला लावतो, म्हणजे मीठ आत घुसत नाही. आमच्याकडे होडीच्या फळ्यांच्या फटी बुजवून वर तेल चढवतात, तसंच. "पण निरोप पोचायला वेळ लागतो," सर म्हणाले. "कोवळं रोप तेवढ्यात मरतं. म्हणून माझा विचार असा, की बी पेरायच्या आधीच त्याला अगदी थोडासा निरोप द्यायचा. खार येतोय, तयार राहा. मग खरा खार आला की ते गांगरत नाही."

"बियाच्या कानात सांगायचं?"

"साधारण तसंच," ते म्हणाले, आणि त्यांना माझा हा प्रश्न इतका शास्त्रशुद्ध वाटला, की त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

एवढ्यावर थांबले असते तर ते चांगले प्राध्यापक ठरले असते. पण सरांचं मत, की जे आपण रोपाला पाजतो ते आपण आधी प्यायला हवं. प्रयोगाच्या खाऱ्या पाण्याच्या बरण्या असायच्या, कमी खाऱ्यापासून जहाल खाऱ्यापर्यंत ओळीने. ते रोज सकाळी एकेक घोट घ्यायचे आणि तोंड वेडंवाकडं करून वहीत लिहायचे: 'पाचवी बरणी. रोपाबद्दल सहानुभूती.' सातव्या बरणीच्या दिवशी विद्यापीठाची पाहणी समिती आली होती. पुढचं मी सांगत नाही. समितीने अहवालात 'प्रयोगशाळेत प्रत्यक्ष अनुभवावर भर' असं लिहिलं, एवढंच सांगतो.

आता जनाकाकीकडे यायला हवं, कारण सर खरे कोण होते ते मला तिच्या खाजणात कळलं.

काकीचं घर कॉलेजच्या मागे, खाडीच्या काठाला. घरात ती एकटी, आणि गोठ्यात दोन म्हशी. दोन्ही तिने रेडकं असल्यापासून वाढवलेल्या. गावातली अर्धी घरं आणि रस्त्यावरची दोन हॉटेलं तिच्या दुधावर चालत. ती म्हशींशी बोलायची, आणि म्हशी तिला उत्तर द्यायच्या. माझी याला काही हरकत नाही, कारण माझे सर मुळांशी खाकरत होते. सर तिच्याकडूनच दूध घ्यायचे आणि तिचा चेहरा त्यांना ठाऊक नव्हता, पण टाचेच्या भेगांवरून तिला भर बाजारात ओळखायचे.

कार्तिकातल्या पुनवेला मोठं उधाण आलं आणि खाजणाचा बांध फुटला. खाडी आत शिरली. चार दिवसांनी माणसांनी बांध बांधून काढला, पण पाणी ओसरलं तेव्हा काकीच्या जमिनीवर मिठाचं पांढरं पुट चढलं होतं, भाकरीवर पीठ राहावं तसं. भात कापून झालं होतं, पण त्याचं सगळं गवत तिथेच उडवीत, गंजी करून रचलेलं. ते खाऱ्या पाण्यात बुडून कुजलं. ते गवत म्हणजे त्या दोन म्हशींचा पावसापर्यंतचा घास.

काकी आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी आली ती दूध घेऊन नव्हे. "मास्तरानू," ती म्हणाली, "कुडाळच्या दलालाक निरोप धाडलंय. माळ्यार गेल्यासालचा गवत आसा, ता माघापर्यंत पुरतला. माघातली पुनव झाली की तो टेम्पो घेवन येतलो. दोन्ही म्हशी नेतलो. तुमी दुसरीकडे दूध बघा."

"का?"

"का काय? खावक काय घालू? माझी साडी?" मग आवाज एकदम खाली आला. "गोठो रिकामो बघूक माझ्याच्यान होवचा नाय, मास्तरानू. पण उपाशी बघूकय होवचा नाय."

सर तिच्या पायांकडे बघत होते. टाचेच्या भेगांत पांढरं मीठ भरलेलं होतं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून एका माणसाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्याकडे चाऱ्याची ज्वारी आहे."

"ज्वारी?" काकी म्हणाली. "हंय? ह्या घाटावरचा भूत खाजणात कोणी घालूचा?"

"मी."

बी सरांच्या गावाहून आलेलं होतं आणि तेवढंच होतं. ते एका खास पाण्यात भिजवायचं. त्या निरोप्या संप्रेरकाची बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात, अंगठ्याएवढी, कुलपात. सरांना त्या दिवशी बैठकीला जायचं होतं. मला म्हणाले, "घमेलंभर पाण्यात दहा थेंब. ड्रॉपरने. अकरावा नको."

आता माझी चूक सांगतो, आणि कशी झाली तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला माझा राग येणार नाही. आमच्या घरात मासे खारवायचं काम. बांगडा खारवताना जर कोणी हात आखडला, तर मासा वासाला जातो आणि अख्खी रास फेकावी लागते. आई म्हणायची, "मिठाक हात मोकळो ठेव रे." वीस वर्षं मी हेच करत आलो. माझ्या हाताला कमी हा शब्द शिकवलेलाच नव्हता. मी घमेल्यातल्या त्या बियांकडे बघितलं. त्या खाऱ्या, मेलेल्या जमिनीकडे निघालेल्या. आणि यांच्या अंगाला दहा थेंब? मी म्हटलं, सर घाटावरचे, यांना काय ठाऊक खार म्हणजे काय असतो ते. आणि मी अख्खी बाटली ओतली. वरून बाटली विसळून तेही ओतलं.

खाजणात भात पेरताना आमच्याकडे बी नुसतं टाकत नाहीत. ते भिजवून पोत्यात भरतात, वर गवत आणि दगड ठेवून दडपतात, आणि मोड फुटले की मग चिखलात टाकतात, म्हणजे खाऱ्या जमिनीत ते एक पाऊल पुढे असतं. काकीने ज्वारीचंही तसंच केलं. पोतं तिच्या चुलीमागे. दुसऱ्या दिवशी तिने हात घातला. काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. आठव्या दिवशी ती पोतं डोक्यावर घेऊन प्रयोगशाळेत आली आणि माझ्यासमोर टेबलावर ओतलं. दाणे फुगलेले, गोरेगोमटे, आणि एकालाही मोड नाही.

"बी मेला," काकी म्हणाली. सरांना नव्हे, मला. तिला माझ्या तोंडावर काय दिसलं ते मला ठाऊक नाही.

मी कबूल केलं. अख्खी बाटली. विसळून. मी वाट बघत होतो की सर ओरडतील. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. काकी म्हणाली, "शिरा पडो तुझ्या हातार," आणि भिंतीला टेकून खाली बसली.

सरांनी एक दाणा उचलला. नखाने चिरला. भिंगाखाली धरला. आणि हळूच हसले.

"मेलं नाही," ते म्हणाले. "झोपलंय. हेच संप्रेरक बियाला सांगतं, आत्ता नको, दिवस चांगले नाहीत. थोडं दिलं तर सावध होतं. जास्त दिलं तर झोपतं. तुम्ही याला फार घाबरवलंत हो. आता समजूत काढायला लागेल."

"कशी?"

"धुवून. वाहत्या पाण्यात. आत गेलेलं सगळं बाहेर यायला हवं."

मग माझ्या घरच्या जुन्या बारीक जाळ्यात आम्ही ते बी बांधलं आणि वरच्या व्हाळात, गोड्या पाण्याच्या धारेत टांगलं. सर तिथे दगडावर बसून राहिले. दिवसभर. दुपारी मी भाकरी नेली तर जाळ्याकडे बोट करून म्हणाले, "हळू चाला." येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारत होत्या, "मास्तर, कसले मासे धरतास?" सर म्हणायचे, "ज्वारी." त्या मागे न बघता निघून जायच्या.

तिसऱ्या सकाळी जाळं उघडलं, तर दाण्यादाण्याला पांढरा मोड. मी खोटं सांगत नाही, मी एकेक दाणा उलटून बघितला. सरांनी सगळ्या दाण्यांकडे एकदम बघायचं टाळलं. एकच दाणा तळहातावर घेतला आणि त्याला म्हणाले, "चला, उठलात."

एकूण अकरा दिवस माझ्यामुळे वाया गेले. ते अकरा दिवस मी मोजले, कारण मोजायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

पेरली. पुट खरवडून, वाफे उंच करून, चढावरच्या विहिरीचं पाणी देऊन. उगवली. काकी रोज सकाळी म्हशींच्या आधी ज्वारीकडे जायची. सर दर दिवशी एक रोप उपटायचे. काकीला ते बघवायचं नाही. "मास्तरानू, तुमी म्हशीपेक्षा जास्ती खातास," ती म्हणायची. सर म्हणायचे, "मी मुळं वाचतो."

आणि मग माघातली पुनव झाली, आणि कुडाळचा दलाल टेम्पो घेऊन आला.

ज्वारी कमरेला लागली होती. शेंडे काही पिवळे, पण हिरवंगार शेत. मला वाटलं, झालं. आता घाला म्हशींना. सरांनी मान हलवली. "कोवळ्या ज्वारीत विष असतं. फुलोरा येईपर्यंत तोंड लावू द्यायचं नाही. अजून तीन आठवडे."

तीन आठवडे. त्यातले अकरा दिवस माझे.

दलाल बांधावर उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. जे डोळ्याला दिसत होतं तेच बोलला. "काकी, शेंडे पिवळे पडले बघ. आता ऊन तापात. जमिनीतला मीठ वर येतला. पंधरा दिसांनी हंय मिठागर दिसतला. तोवर तुझे म्हशी हाडकतले, मगे माझ्याच्यान त्येंका नेवचे नाय. आजच दी."

काकीने गोठ्याकडे बघितलं. टेम्पोची फळी खाली सोडलेली होती. तिने दावं सोडायला पदर खोचला.

"अर्धा तास थांबाल?" सर म्हणाले. "मला एक रोप दाखवायचंय. सबंध."

त्यांनी कुदळ मागितली नाही, खुरपं मागितलं, आणि तांब्या. रोपाच्या बाजूने ते खणायला लागले. थोडी माती काढायची, तांब्याने पाणी सोडायचं, धुवायचं, पुन्हा थोडी माती. मी, काकी आणि तो दलाल, तिघे बांधावर उकिडवे बसलो. अर्ध्या तासाचा एक तास झाला. टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. दलालाने आधी घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडून तो चराच्या जवळ सरकला.

वर बोटभर मातीत मीठ चमकत होतं. तिथली मुळं तपकिरी, जाड, बुचासारखी, आणि त्यांना एकही फाटा नाही. जणू तिथे त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलेलं. त्याखाली मूळ वळलं होतं. सरळ खाली नाही, आडवं, चढाच्या दिशेने. सर खणत गेले. मूळ चालत गेलं. हातभर, मग आणखी हातभर. मधे एका जागी पुन्हा खारी पट्टी होती, तिथे ते वरून वळसा घालून गेलं होतं. आणि चढाखाली, जिथे विहिरीचं पाणी झिरपून येत होतं, तिथे सरांनी तांब्या ओतला आणि मातीतून एकदम पांढऱ्या केसांचा झुबकाच बाहेर आला. हजार फाटे, जिवंत, ओले, एकमेकांत गुंतलेले. मी समुद्र बघितलाय, वादळात बघितलाय, पण असलं काही बघितलं नव्हतं.

दलालाने डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला आणि टोपी परत घालायची विसरला.

काकी चरात उतरली. मुळावरून तिने बोट फिरवलं, त्या पहिल्या वळणापासून शेवटच्या झुबक्यापर्यंत, वाट दाखवावी तसं.

"मास्तरानू, गोडा पाणी खंय आसा ता ह्येका कोणी सांगलान?"

"कोणीच नाही," सर म्हणाले. "ते विचारत विचारत गेलं."

"आणि वरचा मीठ तापला तर?"

"तापू दे. ते आता वर जेवत नाही."

काकीने वर बघितलं. दलालाकडे. "तू जा रे बाबा," ती म्हणाली. "माका राग नाय तुझो. पण ह्यां बघलंय मी. म्हशी हंयच रवतले."

"आणि तीन आठवडे काय खातले?"

काकीने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो घालतलो. फणसाचो पालो, वडाचो पालो, काय व्हया ता. अकरा दीस ह्येचेच आसत."

पुढचे तीन आठवडे मी पंचक्रोशीतला एकही फणस हिरवा ठेवला नाही. लोक मला बघून झाडाखाली उभे राहायचे, राखण करायला. दलाल एकदा कुडाळहून एसटीने आला, काखेत पेंडीची पिशवी, आणि न बोलता गोठ्याच्या दाराशी ठेवून ज्वारी बघायला गेला.

फुलोरा आला. वाफे सगळेच धरले नव्हते, खालच्या बाजूचे तीन तर मेलेच, पण उरलेली डोक्यावरून गेली. सरांनी कणसं चोळून बघितली आणि म्हणाले, "आता." काकीने पहिल्या दोन पेंढ्या स्वतः कापल्या आणि दोन्ही म्हशींपुढे टाकल्या.

थोरल्या म्हशीने वास घेतला. नाक फेंदारलं. आणि तोंड फिरवलं.

धाकटीने थोरलीकडे बघितलं आणि तिनेही तोंड फिरवलं. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी ज्वारी बघितलेली नव्हती. भाताचं गवत खाल्लेली जनावरं ती. हे जाड, गोड वासाचं, घाटावरचं काय आहे त्यांना कळेना. मी सरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. वर्षानुवर्षं त्यांनी मुळाचा विचार केला, मिठाचा विचार केला. म्हशीचा विचार केला नव्हता.

"थांबा," काकी म्हणाली.

ती घरात गेली आणि बाहेर आली ती मूठ घट्ट मिटून. पेंढी हलवून मोकळी केली, तांब्यातल्या पाण्याचा हबका मारला आणि मूठ उघडली. मीठ. जाडं, खडे मीठ. तिने ते ज्वारीवर भुरभुरलं.

सर एक पाऊल पुढे आले, अडवायला आल्यासारखे, आणि जागीच थांबले.

थोरलीने पुन्हा वास घेतला. जीभ बाहेर काढली. एक पान चाटलं. मग दुसरं. मग धांडा धरला आणि करकर चावायला लागली.

"म्हशीक मीठ लागता, मास्तरानू," काकी म्हणाली. "नवा काय घातला तर आमी असाच करतंव."

सर बघत राहिले. मग धाकटीकडे वळले. ती अजून तोंड फिरवून उभी होती, पण डोळे थोरलीच्या पेंढीवर. "हिला मी घालू?" त्यांनी विचारलं. काकीने तळहात पुढे केला. त्यांनी त्यातलं मीठ दोन बोटांच्या चिमटीत घेतलं, मोजून घ्यावं तसं, आणि पेंढीवर धरलं. काकीने त्यांचं कोपर खालून हळूच ढकललं आणि आपली अख्खी मूठ रिकामी केली. धाकटीने मान पेंढीकडे फिरवली आणि जीभ लावली. सर तिच्या समोरच शेणात उकिडवे बसले होते, तिचं तोंड बघत. आमच्या समोर दोन्ही म्हशी खात होत्या.